बालसाहित्याचा प्रौढ रसिक : भाषेच्या अंगाने काही विचार

मराठी समीक्षेने बालसाहित्याचा विचार आजवर मुख्यतः दोन अंगांनी केलेला आढळतो. एक अंग संस्कारांचे, दुसरे बालमानसशास्त्राचे. पहिल्यात पुस्तक मुलाला काय शिकवते हे पाहिले जाते. दुसऱ्यात ते त्याच्या वयाला कितपत झेपते हे मोजले जाते. दोन्ही विचारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की पुस्तक वाचणारे, वा गाणे ऐकणारे, ते मूलच. प्रत्यक्षात मात्र भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा संच मुलांच्या नावाने विकत घेणारा आणि मुलांच्या आधी स्वतः वाचून संपवणारा प्रौढ वाचक महाराष्ट्रात मुळीच दुर्मिळ नाही. आशा भोसले यांच्या आवाजातील ‘नाच रे मोरा’ लागले असता हातातले काम थांबवणारे श्रोतेही बहुतेक करून प्रौढच असतात. या रसिकाचे काय करावयाचे, हा प्रश्न समीक्षेने गंभीरपणे घेतलेला नाही. ‘स्मरणरंजन’ हा एक शब्द उच्चारून ती मोकळी होते.

हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. बालपणाच्या आठवणी केवळ आवडत्या पुस्तकांनाच चिकटलेल्या असतात असे नव्हे. शाळेतील बोधकथा, बक्षीस म्हणून मिळालेली थोरांची चरित्रे, पाठ करून घेतलेली सुभाषिते यांनाही त्याच काळाचा, त्याच ओसरीचा, त्याच सुटीच्या दिवसांचा गंध असतो. तरीही त्यांतील बहुसंख्य पुस्तके प्रौढपणी उघडून पाहिली असता दहा पानांपुढे वाचवत नाहीत. आठवण दोन्हीकडे सारखीच असताना गोडी एकीकडेच का टिकते, याचा उलगडा स्मरणरंजनाने होत नाही. ज्याचे कारण दोन भिन्न कार्यांच्या मुळाशी सारखेच असते, ते त्या भिन्नतेचे कारण असू शकत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातच सांगितलेले असते.

दुसरा आक्षेप याहून महत्त्वाचा आहे. स्मरणरंजनाचा सिद्धान्त ज्यांच्या घरी पुस्तके होती त्यांच्याच अनुभवावर उभारलेला आहे. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय घरात ‘आनंद’, ‘चांदोबा’, ‘बालमित्र’ आणि 1971 पासून ‘किशोर’ येत असे. तेव्हा त्या घरातील माणसाला परतून जाण्यासाठी एक बालपण आहे. परंतु भिवंडी तालुक्यातील गणेशपुरीसारख्या गावाचा विचार करावा. तानसा नदीच्या काठी, उन्हाळ्यांच्या कुंडांभोवती वसलेल्या या गावी मुंबईहून आणि परदेशांतूनही यात्रेकरू येतात. स्वामी नित्यानंद 1961 साली येथेच समाधिस्थ झाले. पायी जाण्याच्या अंतरावर वज्रेश्वरीचे देऊळ आहे, आणि चिमाजी आप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेची परंपरागत आठवण त्याच्याशी निगडित आहे. साहसकथेला लागणारी सामग्री, म्हणजे नदी, रान, तटबंदीचे देऊळ आणि अनोळखी प्रवासी, येथे दाराशीच आहे. मात्र या परिसरातील आगरी, कुणबी, वारली, मल्हार कोळी कुटुंबांतून आलेल्या आणि शाळेची पायरी चढणाऱ्या पहिल्या पिढीतील माणसाच्या बालपणी साहसकादंबरी असेलच असे धरून चालता येत नाही. अशा वाचकाच्या हाती फास्टर फेणे स्वतःच्या मुलाच्या शाळेतील पुस्तकपेटीतून, वयाच्या पस्तिशीत प्रथमच पडला, आणि त्याला तो आवडला, तर त्या आवडीला स्मरण म्हणता येणार नाही. त्याला रंजन म्हणावे लागेल, आणि त्या रंजनाचे कारण पुस्तकातच शोधावे लागेल.

ते कारण भाषेत शोधण्यास आधार आहे, आणि तो आधार योगायोगाने मराठीशीच निगडित आहे. 1964 साली चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने सहा भाषांतील बालभाषेची तुलना करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्या सहा भाषांत मराठी होती. त्याच वर्षी अशोक रा. केळकर यांचा मराठी बालभाषेवरील स्वतंत्र निबंधही ‘वर्ड’ या नियतकालिकात आला. या अभ्यासांच्या विषयाची कल्पना देताना एक गैरसमज प्रथम दूर करावा लागतो. येथे बालभाषा म्हणजे मूल बोलते ती भाषा नव्हे; मोठी माणसे मुलाशी बोलताना वापरतात ती. भूभू, माऊ, चिऊ, काऊ, हम्मा, मंमं हे शब्द मुलाने घडवलेले नाहीत. ते आजीने आईला आणि आईने पुढच्या पिढीला दिलेले, रूढ, परंपरागत शब्द आहेत. त्यांना ठराविक ध्वनिरचना आहे आणि भाषेभाषेगणिक त्यांचे संकेत वेगळे आहेत. मूल ते काही काळ वापरते आणि चारपाच वर्षांचे होताच लाजून टाकून देते. प्रौढ माणूस मात्र ते जन्मभर सांभाळतो. या अर्थी बालभाषा ही प्रौढांचीच एक भाषा आहे, आणि ती बोलण्याची संधी मिळाली नाही तर ओशाळवाणे वाटते तेही प्रौढालाच. शेजारच्या तान्ह्या मुलासमोर उभा राहिलेला गंभीर प्रकृतीचा वकील अथवा प्राध्यापक एका क्षणात आपले संपूर्ण वर्णोच्चारशास्त्र बदलून टाकतो, हे कोणीही पाहिलेले असते.

हे एकदा मान्य केले की बालगीताचा प्रौढ श्रोता हे कोडे राहत नाही. ‘नाच रे मोरा’ 1953 च्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटातील गीत. ते लिहिले ग. दि. माडगूळकरांनी, त्याची चाल बांधली पु. ल. देशपांडे यांनी आणि ते गायिले आशा भोसले यांनी. तिघेही प्रौढ, तिघेही आपापल्या कलेत मुरलेले. पुढील काळात मीना खडीकर यांनी मुलांच्या गाण्यांना चाली दिल्या तेव्हा त्यांनी रचना आणि योगेश या आपल्या मुलांचे आवाज वापरले, आणि मराठी बालगीतात प्रथमच मोठ्या प्रमाणावर मुलाचाच कंठ ऐकू आला. दोन्ही परंपरा आज जिवंत आहेत. परंतु श्रोत्याच्या दृष्टीने त्यांत भेद आहे. मुलाच्या आवाजातील गाणे प्रौढ कौतुकाने ऐकतो. प्रौढ आवाजातील बालगीत तो स्वतःशी म्हणतो. पहिल्यात तो पाहुणा असतो, दुसऱ्यात यजमान. मुलाला खेळवताना ‘अडगुलं मडगुलं’ म्हणणारी आजी ज्या जागेवर बसलेली असते, ती जागा प्रौढ श्रोत्याला या दुसऱ्या प्रकारात आपसूक मिळते.

विंदा करंदीकरांच्या उदाहरणाने हीच गोष्ट निराळ्या बाजूने दिसते. ‘स्वेदगंगा’ (1949) लिहिणाऱ्या, आणि पुढे 2003 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणाऱ्या या कवीने ‘राणीची बाग’ (1961), ‘एटू लोकांचा देश’ (1963) असे मुलांसाठीचे संग्रह काव्यजीवनाच्या ऐन मध्यावर लिहिले. ते फावल्या वेळचे उपद्व्याप होते असे मानणाऱ्याने ते वाचलेले नसावेत. यमकाच्या ओढीने अर्थाला नव्या वाटेवर नेण्याची जी मुभा विंदांनी तेथे घेतली, ती त्यांच्या प्रौढ कवितेतील प्रयोगशीलतेची सख्खी बहीण आहे. साहित्य अकादमीने 2010 पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. त्याने या वाङ्मयाला प्रतिष्ठा मिळाली हे खरेच, पण वेगळी पंगत मांडल्यामुळे मुख्य पंगतीत त्याची चर्चा होण्याचे प्रयोजन उरले नाही, असेही झाले.

आता साहसकादंबरी. येथे बालभाषेचा आधार थेट लागू पडत नाही, हे कबूल केले पाहिजे. भूभू आणि माऊ यांची सीमा ओलांडून आलेल्या दहाबारा वर्षांच्या मुलासाठी ही पुस्तके असतात, आणि तान्ह्यांच्या बोलीचा नुसता वास आला तरी असा वाचक पुस्तक मिटून ठेवील. तथापि बालभाषेतील एक ध्वनिप्रक्रिया या कादंबऱ्यांत वेषांतर करून शिरलेली आहे. ती म्हणजे भावदर्शक द्वित्व.

मराठीत व्यंजनाचे द्वित्व अर्थभेदक असते; पता आणि पत्ता हे शब्द वेगळे. पण याखेरीज एक द्वित्व असे आहे की ज्याने अर्थ बदलत नाही, आवेश तेवढा वाढतो. मोठा याचे मोठ्ठा होते, एवढासा याचे एवढुस्सा होते, अगोबाईचे अग्गोबाई होते. मुलाशी बोलताना आणि मुलाला गोष्ट सांगताना हे द्वित्व हटकून येते. राक्षस कधी नुसता मोठा नसतो. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला जागा नाही, कारण लेखनाच्या नियमांत ते अशुद्ध ठरते. फास्टर फेणेच्या तोंडी भागवतांनी जो प्रसिद्ध ‘ट्टॉक’ घातला आहे, तो याच प्रक्रियेचे टोक होय. मराठीत द्वित्त व्यंजन शब्दाच्या मध्ये येते. पट्टा, चिठ्ठी, हट्टी. शब्दारंभी ते येत नाही. भागवतांनी ते आरंभीच ठेवले. त्यापुढे ‘ऑ’ हा स्वर, जो इंग्रजी शब्दांबरोबर मराठीत आला आणि ज्याच्यासाठी वेगळे चिन्ह करावे लागले. म्हणजे एका अक्षरी शब्दात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचा एक नियम मोडलेला आणि एक उसना स्वर घेतलेला. इतके करूनही शब्द परका वाटत नाही, कारण तो ज्या आवाजाची खूण आहे तो प्रत्येक मराठी माणूस काढतो: जीभ टाळ्याला लावून झटक्याने सोडण्याचा. हळहळ दाखवताना केलेला च्-च् असा आवाज, बैल हाकताना केलेला आवाज आणि हा, तिघेही एकाच कुळातले. दक्षिण आफ्रिकेतील झुलू आणि खोसा भाषांत अशा चुटकीध्वनींना पूर्ण वर्णांचा दर्जा आहे; मराठीत ते भाषेच्या वेशीबाहेर बसलेले आहेत. भागवतांनी त्यांपैकी एकाला वेशीच्या आत आणून नायकाच्या तोंडी बसवले.

प्रौढ वाचकाच्या आनंदाचे एक मूळ येथे आहे. प्रौढाचे दिवसभराचे मराठी हे अर्जांचे, परिपत्रकांचे, हिशेबाचे आणि शिष्टाचाराचे मराठी असते. त्यात आवाज काढण्यास वाव नसतो. साहसकथेत धाडकन, सुळकन, टुणकन, गपकन यांसारख्या अनुकरणवाचक शब्दांना वाक्यातील मानाचे स्थान मिळते. या शब्दांचा ध्वनी आणि अर्थ यांचा संबंध संपूर्णपणे यादृच्छिक नसतो, हा विचार भाषाशास्त्रात जुना आहे. येस्पर्सनने 1922 साली ‘इ’ या स्वराचा आणि लहानपणाच्या भावनेचा संबंध दाखवला. सपीरने 1929 साली प्रयोगाने तपासले की अर्थहीन शब्दांपैकी ‘आ’कारयुक्त शब्द लोकांना मोठ्या वस्तूचे वाटतात आणि ‘इ’कारयुक्त लहान वस्तूचे. मराठी कानाला हे नव्याने सांगावयास नको. तान्हे मूल दुडुदुडु धावते, पैलवान धाडधाड जिने उतरतो, आणि या दोन क्रियाविशेषणांची अदलाबदल केली तर हसू येते.

नायकाच्या नावाचाही येथे विचार केला पाहिजे. बनेश फेणे हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा मुलगा. ‘फास्टर’ हे त्याचे टोपणनाव. इंग्रजीत हे तरभावाचे रूप आहे, आणि तरभावाला दुसरा पक्ष लागतो. कोणापेक्षा वेगवान? मराठी विशेषणाला असे रूपच नाही. ती तुलना ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ जोडून करते, म्हणजे ज्याच्याशी तुलना करावयाची त्याचे नाव आधी घेते. ‘फास्टर फेणे’ या नावात ती जागा रिकामी आहे, आणि प्रत्येक पुस्तकात ती निराळ्या खलनायकाने, वादळाने किंवा विमानचोराने भरली जाते. शिवाय दोन्ही शब्दांच्या आरंभी एकच अक्षर लिहिलेले असले तरी उच्चार पूर्वी एक नव्हते: ‘फास्टर’मधील फ दात आणि ओठ यांच्यामधून घासून जाणारा, ‘फेणे’मधील फ हा प वर्गातील महाप्राण. आज शहरी उच्चारात दुसराही पहिल्यासारखा होऊ लागला आहे, तेव्हा काही वर्षांनी हा भेद नावातून नाहीसा झालेला असेल.

साहसकथेचे क्रियापद हा स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. येथे एवढेच नोंदवणे पुरे की ‘-ऊन’ प्रत्ययान्त धातुसाधितांची साखळी आणि शेवटी ‘टाकले’, ‘दिली’, ‘घेतला’ असे साहाय्यक क्रियापद, ही मराठीतील शीघ्र कृतीची स्वाभाविक वाक्यरचना आहे. सायकल भिंतीला टेकवून, कुंपणावरून उडी मारून, खिडकीशी वाकून त्याने आत डोकावून घेतले, असे नमुन्यादाखल रचलेले वाक्य कोणत्याही साहसकथेत शोभेल. अलीकडच्या प्रौढ कादंबरीत याच्या जागी ‘वाटत होते’, ‘राहिले होते’, ‘असावे’ अशा अपूर्ण आणि संशयार्थक रूपांची दाटी असते. ती दाटी आधुनिक संवेदनेला आवश्यक असेल. पण क्रिया पूर्ण झाल्याचे समाधान देणारे वाक्य तिने वाङ्मयातून जवळजवळ हद्दपार केले, आणि त्या वाक्याची भूक प्रौढालाही असते. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांचा खप ज्या वाचकवर्गावर झाला त्यात शाळकरी मुले आणि गिरणीकामगार एकाच पंगतीला होते, ते याच भुकेमुळे. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणताना धूमकेतूला ‘शेंडेनक्षत्र’ म्हटले. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ या नावात खगोलशास्त्र आजीच्या अंगणात उतरते. ही भाषांतरे व्हर्नच्या वैज्ञानिक तपशिलापेक्षा त्यांच्या मराठीसाठी पुन्हा वाचली जातात, असे म्हणण्यास हरकत नाही.

जी बालकथा केवळ मुलांनाच आवडते ती बालकथा म्हणूनही निकृष्टच, अशा आशयाचे मत सी. एस. लुईस याने 1952 साली मांडले होते आणि प्रौढ रसिकांचे वकील ते नेहमी पुढे करतात. मत आकर्षक आहे, पण त्याने प्रौढाची आवड ही बालसाहित्याची कसोटी होऊन बसते, आणि हे धोक्याचे आहे. प्रौढाला आवडणारे सर्वच बालसाहित्य मुलांचे राहत नाही. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांची दोन गीते शेजारी ठेवली असता हे ध्यानात येते. ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ या नावातच भावदर्शक द्वित्व आहे, शिवाय ‘अगोबाई’ या उद्गाराच्या साच्यात ढगाला ओतून त्याला बाई करण्याचा खेळ आहे. मूल असाच शब्द करील आणि प्रौढाला तो करावासा वाटेल. ‘दमलेल्या बाबाची कहाणी’त मुलीला उद्देशून बोलणारा बाप आहे, पण ऐकणारी मुलगी त्यात कोठेच नाही. ते गीत कामामुळे घरी वेळ न देऊ शकणाऱ्या बापाने दुसऱ्या बापांसाठी म्हटलेले आहे, आणि त्याने प्रेक्षागृहात डोळे ओले होतात ते मोठ्यांचे. गीत म्हणून त्याचे मोल कमी नाही. परंतु बालगीताचा आनंद आणि स्वतःविषयीची करुणा यांची गल्लत होते ती अशाच ठिकाणी, आणि स्मरणरंजनाचा सिद्धान्त ही गल्लत पक्की करतो.

कादंबरीच्या बाजूने असाच प्रश्न 2017 च्या ‘फास्टर फेणे’ या चित्रपटाने उभा केला. त्यापूर्वी 1980 च्या दशकात दूरदर्शनवरील मालिकेत सुमीत राघवन यांनी बनेशची भूमिका केली होती, तेव्हा तो शाळकरी मुलगाच होता. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात अमेय वाघ यांचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे. समोरचा गुन्हाही परीक्षेतील गैरव्यवहाराचा आणि खुनाचा. स्वतः भा. रा. भागवत हे पात्र त्यात आहे आणि ते दिलीप प्रभावळकर यांनी, म्हणजे ‘बोक्या सातबंडे’ या दुसऱ्या बालनायकाच्या जनकाने, वठवले आहे. निर्मात्यांचा हिशेब उघड दिसतो. जे वाचक मोठे झाले त्यांच्याबरोबर नायकालाही मोठा केला म्हणजे त्यांना तो ओळखीचा वाटेल. चित्रपट चालला, त्याची पटकथा चलाखही आहे. पण मोठ्या वयाच्या फेणेच्या तोंडी ट्टॉक हा लकबीचा भाग होतो, पुस्तकात तो शोधाचा आवाज होता. प्रौढ वाचकाला फेणे आवडतो तो आपल्या वयाचा होऊ शकतो म्हणून नव्हे. तो तेरा वर्षांचाच राहतो आणि तरी त्याच्या वाक्यांत वाचकाला जागा मिळते, यात ती गंमत आहे. नायकाला वाढवले की वाचकाला पुन्हा आपल्याच वयात कोंडले जाते.

या पुस्तकांतील उणिवा प्रौढ वाचकाने नजरेआड कराव्यात असा याचा अर्थ नाही. मुलींना मिळणारी दुय्यम जागा, शत्रूचे ठोकळेबाज चित्रण, पुण्याच्या शाळेबाहेरील मुलाला क्वचितच मिळणारा प्रवेश, हे सर्व मुलाच्या नजरेतून सुटते आणि प्रौढाला दिसते. आणि आनंद घेणाऱ्यानेच ते बोलून दाखवणे अधिक उचित. यांतील शेवटची उणीव भाषेचीही आहे. फास्टर फेणेचे मराठी हे पुण्याचे प्रमाण मराठी आहे. गणेशपुरीच्या आसपासच्या आगरी बोलीत ण आणि न यांत भेद केला जात नाही, ळ च्या जागी ल येतो, ड च्या जागी र ऐकू येतो. गाडीची गारी होते, घोड्याचा घोरा. तेथील वाचकाच्या मुखी नायकाचे आडनाव सहज ‘फेने’ होईल, आणि ते शुद्ध करून घेण्याचा अनुभव त्याला शाळेत आलेला असणार. प्रमाण भाषेचे पुस्तक मोठ्याने वाचताना असा वाचक अडखळतो तो अर्थापाशी नव्हे, उच्चारापाशी, आणि मुलासमोर वाचताना अधिकच. म्हणून तो बहुधा मनात वाचतो. साहसकथा आणि बालगीते ही मात्र मोठ्याने म्हणण्याची वाङ्मये आहेत; त्यांतील अनुकरणवाचक शब्द बोलींतही तेच, नाही तर शेजारचेच असतात. ट्टॉक तर कोणत्याच कोशात नाही, त्याचा प्रमाण उच्चार कोणी ठरवून दिलेला नाही, आणि तो शब्द आला की सदाशिव पेठेतील वाचक जीभ टाळ्याला लावतो तशीच गणेशपुरीतीलही लावतो.